समोरच्या घरानेही वाचावे असे चरित्र

प्रस्तावना

नांदेड-लातूरकडे एखाद्या पुढाऱ्याने पंचाहत्तरी गाठली की गौरवग्रंथ निघतो. जाड आर्ट पेपर, सुरुवातीला रंगीत छायाचित्रे, मग मानाच्या क्रमाने शुभसंदेश: राज्यपाल, मुख्यमंत्री, खात्याखात्याचे मंत्री. त्यानंतर साखर कारखान्याचे संचालक, शिक्षणसंस्थेचे प्राचार्य, जुने स्वीय सहायक यांचे लेख. अगदी शेवटी घरचे येतात. पत्नी सांगते साहेब घरात कसे वागतात, मुलगी बाबांच्या आवडीनिवडी सांगते, नातवाला अर्धे पान मिळते. निवडणुकांचा तक्ता असतो, त्यात हरलेली निवडणूक बहुधा नसते. ज्या प्रकरणामुळे माणूस राज्यभर गाजला, त्याबद्दल फार तर ‘विरोधकांच्या कारस्थानांना धीराने तोंड दिले’ एवढे एक वाक्य सापडते.

घरच्यांना या ग्रंथात कोपरा मिळतो तो माणूस प्रेमळ होता एवढे सांगण्यापुरता. खरे तर ज्या गोष्टीने तो वादात सापडला, तिचा सर्वांत जवळचा साक्षीदार ते घरच असते. रात्री कोण भेटायला आले, कोणता फोन आल्यावर चेहरा उतरला, अटकेनंतर घर कोणी चालवले, कोणत्या नातेवाइकाने येणे-जाणे बंद केले, हे बाहेरच्या चरित्रकाराला कितीही कागद चाळून मिळत नाही. आणि नेमके हेच घर गप्प बसते. ‘जाऊ द्या, आता उकरून काय काढायचंय,’ हे वाक्य आपल्याकडच्या किती ओसऱ्यांवर ऐकू येते!

ज्यांना हे उकरून काढायचे आहे, आजोबा, वडील, काका, आत्या यांच्यापैकी ज्या कोणामुळे गावात मान वर किंवा खाली झाली त्या माणसाचे आयुष्य स्वतः लिहायचे आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. पुढच्या प्रकरणांत कागद कुठे शोधायचे, मुलाखती कशा घ्यायच्या, मजकूर कसा रचायचा हे सविस्तर येईल. त्याआधी एक कसोटी मला मांडायची आहे, कारण माझ्या मते बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. त्या माणसामुळे ज्या घराला झळ पोचली, त्या समोरच्या घरातल्या कोणीतरी हे चरित्र हातात घ्यावे आणि शेवटपर्यंत वाचावे. न पटणाऱ्या जागी त्याने पेन्सिलीने खुणा कराव्यात, वाद घालावा. पण आमचे जे झाले ते यात लपवलेले नाही, एवढे त्याला म्हणता यावे. एवढे साधले तर लेखक घरचा आहे की बाहेरचा, हा प्रश्न मागे पडतो.

मराठीत घरच्या माणसाने लिहिण्याची परंपरा मोठी आहे आणि तिची सुरुवात चांगली झाली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये आले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, यावरून त्यांच्यावर त्यांच्या हयातीत टीका झाली आणि अजून होते. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे खुद्द रमाबाई. पतीवर अपार भक्ती असूनही त्या हा विषय गाळत नाहीत. रानड्यांच्या वडिलांचा हट्ट, रानड्यांचा नकार, शेवटी मोडलेला नकार हे सगळे त्यांच्या लेखनात आहे. पंचहौद मिशनमधल्या चहाचे आणि त्यावरच्या प्रायश्चित्ताचे प्रकरणही आहे. रानड्यांचा कडवा टीकाकार त्यांच्याविरुद्ध जे मुद्दे काढतो, त्यांतले बरेचसे त्याला त्यांच्या बायकोच्याच पुस्तकात सापडतात. मला ही त्या पुस्तकाची सर्वांत मोठी ताकद वाटते. कॉम्रेड डांग्यांच्या पत्नी उषाताई यांनी ‘पण ऐकतं कोण?’ लिहिले, कन्या रोझा देशपांडे यांनीही वडिलांच्या जीवनावर लिहिले. १९६४ मध्ये डांग्यांच्या नावावरची इंग्रज सरकारला लिहिलेली जुनी पत्रे बाहेर आली, त्यांवरून कम्युनिस्ट पक्षात वादळ उठले आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. त्या घरातल्या कोणत्याही लेखकाला या पत्रांना वळसा घालून जाता येणार नव्हते.

दुसरे टोकही मराठीतच आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून १९६४ मध्ये सुटलेल्या, नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ १९६७ मध्ये निघाले. दिल्ली प्रशासनाने ते जप्त केले आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो. भावाला भावाबद्दल लिहू दिले पाहिजे. पण पुस्तकाला माझी कसोटी लावली तर ते उतरत नाही. त्यात भावाचा हेतू, भावाचे धैर्य, फाशीपूर्वीचे दिवस सगळे आहे. ज्याला मारले त्या माणसाच्या घराला बसलेली झळ मात्र फारशी दिसत नाही. पुढे २००७ मध्ये तुषार गांधी यांनी पणजोबांच्या हत्येवर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले. दोन्ही घरांनी लिहिले, आणि वाचकाला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी लागतात. हे काम वाचकावर टाकू नये असे मला वाटते.

जर्मनीत एक तिसरी तऱ्हा झाली. हिटलरने पोलंडवर नेमलेला गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक न्यूरेंबर्गच्या निकालानंतर १९४६ मध्ये फासावर गेला. त्याचा मुलगा निक्लास याने १९८७ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिले आणि त्यात वडिलांना शब्दशः फाडून काढले. अनेक जर्मनांना ते असह्य झाले. मला त्या मुलाचा राग पूर्ण समजतो. तरी आपल्याकडच्या लेखकाला मी त्या वाटेने जा असे सांगणार नाही, कारण त्या पानांवर वडिलांपेक्षा मुलगाच जास्त दिसतो. घरच्या माणसाला निकाल द्यायचा नसतो. साक्ष द्यायची असते, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते हे धरून चालायचे असते.

आता आपल्या मातीकडे येतो. लातूर म्हटले की कासीम रझवी हे नाव टाळता येत नाही. अलीगढला कायदा शिकलेला, लातुरात वकिली करणारा हा माणूस १९४६ च्या अखेरीस मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि तिच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, म्हणजे रझाकारांचा, सर्वेसर्वा बनला. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत काय झाले ते मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाला आपापल्या परीने ठाऊक आहे. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांत बसून निजामाच्या संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे उमरखेडकडे, बार्शीकडे गेली. मे १९४८ मध्ये बीदरकडच्या गोरट्यात कत्तल झाली. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला; स्वतः मुसलमान असूनही हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या (हीच ‘पोलीस ॲक्शन’) आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझवीला अटक झाली, खटले चालले, बीबीनगर दरोडा प्रकरणात सात वर्षांची सक्तमजुरी झाली. काही काळ तो येरवड्यात होता. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला.

अशा माणसाच्या वारसाने चरित्र लिहायला घ्यायचे ठरवले तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल? आधी गोरटा, आधी शोएबुल्ला खान, आधी जळालेली घरे. पण तिथे थांबूनही चालणार नाही, कारण लातूरची गोष्ट १७ सप्टेंबरला संपत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची सदिच्छा समिती नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. तिचा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता; त्या आकड्यांवर अजूनही वाद चालतो. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे तिने चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझवीच्या या गावी, व्यापारी पेठेत, कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, हजारावर मुसलमान मारले गेले आणि सुमारे दहा हजारांच्या वस्तीतले जेमतेम तीन हजार गावात उरले होते, असे समितीने नोंदवले. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे जीवही दिले.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. रझाकाराच्या नातवाने ॲक्शननंतरचे वीस दिवस आधी लिहिले आणि आजोबांचे वर्ष नंतर दोन ओळींत उरकले, तर समोरचे घर दहाव्या पानावर पुस्तक मिटेल. आजोबांच्या अंगावर येणारे सगळे सांगून झाल्यावरच त्या वीस दिवसांबद्दल लिहिण्याचा त्याचा हक्क कोणाला नाकारता येणार नाही. आणि हाच नियम दुसऱ्या बाजूच्या घरालाही लागू आहे. आजोबांचे सन्मानपत्र भिंतीवर लावलेल्या, स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन मिळालेल्या घरातल्या लेखकाने त्यांच्या शौर्याबरोबर हेही विचारले पाहिजे की सप्टेंबरच्या त्या शेवटच्या आठवड्यांत आजोबा कुठे होते. ते कोणाला वाचवत होते, की दार लावून आत बसले होते, की आणखी कुठे? उत्तर कधी अभिमान वाटावा असे निघेल, कधी नाही. आपल्या भागात या दुसऱ्या प्रश्नाला सामोरी गेलेली घरगुती चरित्रे मला फार कमी भेटली, आणि त्याचे मला दुःख आहे. सन्मानपत्र हा पुरावाही धरू नये. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, हे विसरता येत नाही.

शिवाय त्या काळाची फाळणी हिंदू आणि मुसलमान अशी सरळ रेषेत झालेली नव्हती. औरंगाबादेत जन्मलेले दलित नेते बी. श्यामसुंदर १९४८ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांत गेले. हे त्यांनी का केले असेल, हे दलितांच्या तेव्हाच्या गावातल्या स्थितीचा विचार केल्याशिवाय कळणार नाही. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या सरकारात अधिकारी होते, आणि त्यांनी ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्रात ती नोकरी, ते दरबारी वातावरण, उर्दू-फारसीवरचे प्रेम हे सगळे कोणतीही सारवासारव न करता मांडले. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, नोकरी केली म्हणजे माणूस वाईट, असे मानणाऱ्या घरांनी पगडी जरूर वाचावेत.

कागदांचा एक मुद्दा इथेच सांगतो, पुढे त्यावर वेगळे प्रकरण आहेच. घरातल्या जुन्या माणसांचे वय ‘ॲक्शनच्या साली दोन वर्षांचा होतो’ अशा हिशेबाने मोजलेले असते. सरकारी कागद मात्र उर्दूत आणि फसली सनात. इसवी सन काढायला फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, हे पुष्कळांना माहीत असते. पण हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, महिने आजुर, दै, बहमन असे चालत. म्हणजे १३५७ फसली या एकाच सालात ऑक्टोबर १९४७ पासूनचा रझाकारांचा जोर येतो, उमरीच्या बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लोकांनी घातलेला छापा येतो, गोरटा येतो, आणि पोलीस ॲक्शनही येते. ॲक्शननंतरच्या हिंसेचा काही भाग मात्र १३५८ मध्ये जातो. तक्रारअर्जावर नुसते ‘१३५७ फसली’ वाचून आजोबा त्या दिवशी कोणत्या बाजूला होते हे ठरवणाऱ्याची हमखास फसगत होते. महिना वाचता आला पाहिजे, आणि त्यासाठी उर्दू जाणणारा माणूस शेजारी बसवावा. आपल्या गावात असे वाचक अजून आहेत; बरेचदा ते समोरच्याच घरात असतात. त्यांच्याकडे जाणे हा लेखनाचा भाग समजावा.

१९४८ नंतरच्या वादांचे रूप बदलले. आता कारवाई, राजीनामा, चौकशी आयोग, न्यायालयीन ताशेरे यांचा काळ आला. शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांमुळे मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. अशा ठिकाणी घर नुसते साक्षीदार राहत नाही, ते पक्षकारच असते, आणि घरातल्या लेखकाने हे पहिल्या पानावर सांगून मोकळे व्हावे. पुढे २००४ मध्ये निलंग्यातून नातू संभाजी पाटील यांनी भाजपच्या तिकिटावर आजोबांनाच हरवले आणि २००९ मध्ये आजोबांनी ती जागा परत घेतली. एका घरात दोन झेंडे असले म्हणजे एकाच माणसाची दोन चरित्रे त्या घरात आधीच तयार असतात. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणीबाणीत मुख्यमंत्री होते आणि ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, देशाचे गृहमंत्री. जायकवाडी आणि विष्णुपुरीचे पाणी त्यांच्या नावाशी जोडलेले आहे, आणि ते जोडलेले राहणे योग्यच आहे. पण आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या नांदेडच्या घरातला आणि डिसेंबर १९९२ मध्ये घाबरून बसलेल्या मोहल्ल्यातला वाचक धरणाच्या पाण्यावर समाधान मानणार नाही. घरातल्या चरित्रकाराने त्याला काय सांगायचे? त्या रात्री घरी आल्यावर साहेब काय बोलले, कोणावर चिडले, की अजिबात बोलले नाहीत, एवढे जरी खरेखुरे सांगितले, तरी कोणत्याही अहवालात नसलेली गोष्ट इतिहासाला मिळेल. विचारांत दोष असू शकतो, निर्णयात असू शकतो. पण तो निर्णय घेताना माणूस कसा दिसत होता हे फक्त घरालाच माहीत असते.

या कामात घरातल्या बायकांकडे सर्वांत आधी जावे, असा माझा आग्रह आहे. पुढाऱ्याच्या पत्नीने वर्षानुवर्षे स्वयंपाकघरातून बैठका ऐकलेल्या असतात. कोणाला चहा गेला आणि कोणाला जेवण, कोण मागच्या दाराने आले, हे तिला आठवते. अटक, फरारी, पराभव यांच्या काळात दागिना कोणत्या सावकाराकडे गेला हे तिलाच ठाऊक असते. पैशाबद्दल विचारायला मुले बिचकतात. आजीला विचारले तर ती बहुधा सांगते, कारण तिला ते आजवर कोणी विचारलेले नसते. मात्र तिने सांगितले म्हणून छापून टाकू नये. तारखेला, नावाला, रकमेला दुसरा आधार शोधावा, आणि तो मिळाला नाही तर ‘आजी सांगते’ असे लिहूनच छापावे.

निकालपत्र वर्तमानपत्राच्या बातमीवरून वाचू नये. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत काढावी आणि पूर्ण वाचावी. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले आणि वरच्याने सोडले, तर दोन्ही मजकूर पुस्तकात यावेत. सरकारी खात्यांतल्या वीस वर्षांहून जुन्या माहितीला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) खाली बरेचसे अपवाद लागू होत नाहीत, याचा उपयोग करून घ्यावा. बदनामीचा धाकही नीट समजून घ्यावा. मृत माणसाबद्दलचे लिखाणसुद्धा त्याच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा ठरू शकते. म्हणजे तुम्ही आजोबांच्या विरोधकांबद्दल जे लिहाल तेही समोरच्या घराच्या अब्रूचा प्रश्न आहे. कायदा इथे आपल्या कसोटीच्याच बाजूने उभा आहे, आणि मला ते आवडते.

नरहर कुरुंदकरांनी नांदेडहून किती तरी लेखकांना प्रस्तावना लिहून दिल्या. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांनी लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना आजही स्वतंत्रपणे वाचली जाते. तिच्यात ते शिवाजी महाराजांबद्दलचा सगळा आदर राखून एकेक प्रचलित समज तपासायला घेतात. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्याबद्दल कठोर प्रश्न विचारता येतात, हे मराठवाड्याने आपल्याच गावच्या एका प्राध्यापकाकडून शिकलेले आहे. घरातल्या आजोबांपाशी आल्यावर आपण ते विसरू नये, एवढीच माझी विनंती आहे.

मसुदा पूर्ण झाला की तो आधी भावंडांना दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. भावंडांना दाखवावाच, वाटणीच्या जुन्या भांडणांमुळे ते काही वाक्यांवर अडतील, तेही ऐकून घ्यावे. पण त्याच सुमारास एक छापील प्रत समोरच्या घरी न्यावी, ज्यांचे नाव पुस्तकात येते त्यांना ती पाने दाखवावीत, आणि ते जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावाने किंवा त्यांना नको असेल तर नावाशिवाय, त्याच प्रकरणाच्या शेवटी जोडावे. त्यांनी दार लावून घेतले तर तेवढेच नोंदवावे. पुढच्या प्रकरणात आपण पहिल्या कागदापासून सुरुवात करू: शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, आणि त्यावरच्या जन्मतारखेत कोणता सन लिहिला आहे ते कसे ओळखावे.